वाशी मार्केटमधला बंद पडलेला सर्व्हर: अँटिव्हायरसच्या खोट्या आळाचा तपास

विंडोजवरचं सर्व्हर सॉफ्टवेअर सकाळी अचानक गप्प झालं, की संशय आधी केबलवर जातो, मग स्विचवर, मग डेटाबेसवर. अँटिव्हायरसकडे बघायची वेळ सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर कुणीतरी वैतागून तो बंदच करून टाकलेला असतो. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा हे मला जास्त घातक वाटतं. म्हणून वाशीच्या बाजार समितीतल्या एका आडत पेढीचं प्रकरण इथे पहिल्यापासून मांडतो आहे. पेढीचं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं आणि अँटिव्हायरस कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तपास समजायला त्या नावांची गरज नाही.

पेढी आणि तिची मांडणी

कांदा-बटाटा मार्केटमधला नेहमीसारखा गाळा. खाली माल, पुढे काउंटर, वर पोटमाळ्यावर हिशोबाची खोली. नाशिक-जुन्नरकडच्या गाड्या रात्री येऊन लागतात, पहाटेपासून माल उतरतो आणि व्यवहार सुरू झाले की काउंटरवर रांग लागते. शेतकऱ्याची पट्टी म्हणजे वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात पडणारी रक्कम. पट्टी वेळेवर निघाली नाही की गाडीवाला खोळंबतो आणि त्याच गाडीने परत जाणारा शेतकरीही ताटकळतो. खरेदीदाराचं बिल वेगळं. २०१६ साली अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा बाजारातल्या बऱ्याच पेढ्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर नव्याने करून घ्यावं लागलं. या पेढीचं सॉफ्टवेअर त्यातलंच. एकट्याने काम करणाऱ्या कोपरखैरण्याच्या एका डेव्हलपरने पायथनमध्ये लिहिलेलं.

सर्व्हर म्हणजे पोटमाळ्यावरचा विंडोज ११ प्रो असलेला साधा पीसी. त्यावर दोन गोष्टी चालतात. एक मारियाडीबी हा डेटाबेस, ३३०६ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून त्या प्रोग्रामपर्यंत जायचं क्रमांकाचं दार). दुसरी डेव्हलपरची ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची चालणारी फाइल, जी विंडोज सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे सतत चालू राहून) ८०८० पोर्टवर बसते आणि काउंटरवरच्या संगणकांना ब्राउझरमधून पट्टी करू देते. सगळ्या संगणकांवर एका नावाजलेल्या कंपनीचा पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस. असा दुसरा अँटिव्हायरस बसला की विंडोज १०-११ मधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप मागे सरकतो. विंडोज सर्व्हर आवृत्त्यांमध्ये मात्र तो आपणहून मागे सरकत नाही, तिथे दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर झडप घालताना मी पाहिले आहेत. इथे तो गुंता नव्हता.

सकाळचा फोन

काउंटरवरच्या ऑपरेटर ताईंचा फोन आला. "दादा, पान उघडतच नाहीये. सर्व्हर सापडत नाही असं म्हणतंय." मागून शेठचा आवाज ऐकू येत होता, बाहेर गाड्या लागल्याचं सांगणारा. मी पोहोचेपर्यंत दिवाणजींनी कपाटातून जुनं कच्चं पट्टीबुक काढून हाताने पट्ट्या फाडायला सुरुवात केली होती. हे त्यांनी कुणी न सांगता केलं, आणि त्यामुळेच मला शांतपणे तपास करता आला. ज्या पेढीत कागदावर काम चालवता येणारं माणूस आहे, तिथे संगणकवाल्यावर चुकीचा निर्णय घ्यायचा दबाव निम्म्याने कमी होतो.

काउंटरवरून सर्व्हरला पिंग जात होता. म्हणजे केबल आणि स्विच ठीक. मग पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने दोन्ही पोर्ट तपासले. ३३०६ उघडा, ८०८० बंद. डेटाबेस जिवंत आहे आणि त्याच्या पुढचं सॉफ्टवेअर मेलेलं आहे, एवढं तिथेच कळलं. हा फरक लवकर कळणं फार मोलाचं असतं. नाहीतर माणसं डेटाबेस दुरुस्त करायला बसतात आणि धडधाकट डेटाची वाट लावतात.

डेटाबेस चालू होता म्हणून हायडीएसक्यूएल हे डेटाबेस थेट पाहायचं साधन उघडून सगळ्या खरेदीदारांची आदल्या रात्रीपर्यंतची बाकी छापून दिवाणजींच्या हातात दिली. कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला आधी मागची बाकी विचारायची, हे त्या कागदावरून त्यांना दिसत होतं. सॉफ्टवेअर नसताना पेढीचा अर्धा जीव त्या यादीत असतो.

पोटमाळ्यावर सर्व्हिसेसची खिडकी उघडली तर सर्व्हिस थांबलेली. सुरू करायला गेलो तर एरर २, सांगितलेली फाइल सापडत नाही. फोल्डरमध्ये गेलो. कॉन्फिगरेशनची फाइल जागेवर, लॉगचा फोल्डर जागेवर, पट्टीचे नमुने जागेवर. नव्हती ती फक्त ईएक्सई. लॉगमधली शेवटची ओळ पहाटे ४ वाजून १२ मिनिटांची होती, "डेटाबेस जोडणी ठीक" अशी, दर मिनिटाला पडणारी. तिच्यानंतर एररची एकही ओळ नव्हती. सॉफ्टवेअर स्वतःच्या चुकीने कोसळतं तेव्हा सहसा काहीतरी बरळून जातं. बोलता बोलता मधेच आवाज बंद झाला असेल, तर बहुधा बाहेरच्या कुणीतरी प्रोसेस मारलेली असते.

इव्हेंट व्ह्युअरमध्ये सिस्टम लॉग पाहिला. ४:१३ ला सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचा ७०३१ क्रमांकाचा इव्हेंट होता, म्हणजे सर्व्हिस अनपेक्षितपणे थांबली आणि ६०,००० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू केली जाईल. एका मिनिटानंतर ७००० होता, म्हणजे सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही, फाइल नाही. मग अँटिव्हायरसचा इतिहास उघडला. ४:११ ला व्याख्या (मालवेअर ओळखायच्या खुणांची यादी) अद्ययावत, ४:१३ ला धोका सापडला, फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोठडीत. धोक्याचं नाव ट्रोजन, पुढे जेनेरिक, म्हणजे सर्वसाधारण. पहाटे त्या पीसीसमोर कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे कोपऱ्यात आलेली सूचना कुणाच्याच नजरेला पडली नव्हती.

ज्यांच्याकडे डिफेंडरच आहे त्यांनी हीच गोष्ट इव्हेंट व्ह्युअरमधल्या विंडोज डिफेंडरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये पाहावी. १११६ म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई केली, ५००७ म्हणजे कुणीतरी सेटिंग बदललं. गेट-एमपीथ्रेटडिटेक्शन ही पॉवरशेलची आज्ञा तीच यादी देते. फाइल जागेवर असूनही सुरू होत नसेल तर एरर २२५ दिसू शकतो, त्याच्या मजकुरात व्हायरसचा स्पष्ट उल्लेख असतो. शोध आणि सर्व्हिस थांबणं या दोन नोंदींच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या, की बहुतेक वेळा वाद उरत नाही.

आळ खोटा, हे कशावरून?

शेठ वर आले. "अरे, तो अँटिव्हायरस काढून टाक ना सरळ. आपलंच सॉफ्टवेअर आहे." त्यांचा त्रागा मला समजत होता. पण आपलं सॉफ्टवेअर आहे, म्हणून ते निर्दोष आहे, हे मला मान्य नव्हतं आणि मी तसं त्यांना सांगितलं. "शेठ, आधी मला खात्री करू द्या. दिवाणजी सांभाळतायत तोवर."

दोन्ही बाजूंचे दाखले आपल्यासमोर आहेत. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्या-फाइलने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडरने क्रोमियम आणि इलेक्ट्रॉन या तयार सांगाड्यांवर बांधलेल्या साध्यासुध्या ॲपांवर धोक्याचा शिक्का मारला होता, तो पुढे व्याख्या सुधारून काढावा लागला. म्हणजे अँटिव्हायरस चुकतो, आणि मोठ्या प्रमाणावर चुकतो.

पण मार्च २०२३ मधलं थ्रीसीएक्सचं प्रकरण मी कधी विसरत नाही. ही कार्यालयांमध्ये वापरली जाणारी फोन यंत्रणा. सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरने तिच्या डेस्कटॉप ॲपवर इशारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा वापरणाऱ्या अनेकांना तो खोटा आळच वाटला. ॲप अधिकृत, कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल सहीचं, कंपनीच्याच अपडेटमधून आलेलं. आठवडाभरात उघड झालं की त्यात घातक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) घातली गेली होती, आणि हल्लेखोर कंपनीच्या बांधणी-यंत्रणेत, म्हणजे कोडपासून ॲप तयार होतं तिथेच, शिरले होते हे पुढच्या तपासात कळलं. त्याआधी २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीचंही असंच झालं होतं, तीसुद्धा अधिकृत सहीनिशी वाटली गेली होती. त्या दिवसांत ज्यांनी इशारा झटकून अपवाद टाकले, म्हणजे ही फाइल तपासूच नकोस असं अँटिव्हायरसला सांगितलं, त्यांनी चोराला दार उघडून दिलं. त्यामुळे "आमचा नेहमीचा माणूस आहे, तो असं करणार नाही" हा पुरावा होत नाही. त्या माणसाच्या संगणकात दुसरं कुणी शिरलं असेल, तर त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

म्हणून पहिला प्रश्न हा, की फाइल बदलली की व्याख्या? पेढीचा बॅकअप रोज रात्री वेगळ्या डिस्कवर जातो, त्यात ईएक्सईची प्रत होती. गेट-फाइलहॅशने तिचा एसएचए-२५६ हॅश काढला, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. काही महिन्यांपूर्वीच्या बॅकअपमधल्या प्रतीचाही काढला. दोन्ही तंतोतंत एक. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइन नोंदीतला हॅशही तोच. डेव्हलपरला फोन लावला आणि त्याच्या बांधणीच्या संगणकावरचा हॅश त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितला. मी आकडे त्याला आधी सांगितले नाहीत, नाहीतर माणूस घाईत "हो हो, तेच" म्हणून मोकळा होतो. तोही जुळला. म्हणजे पेढीत आल्यावर फाइलीला कुणी हात लावलेला नव्हता. रात्रीतून बदलल्या होत्या त्या व्याख्या.

एवढ्याने भागत नाही. फाइल पहिल्यापासूनच बिघडलेली असू शकते. पुढची पायरी व्हायरसटोटल, या संकेतस्थळावर सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं एकाच फाइलवर मत देतात. इथे एक खबरदारी मला फार महत्त्वाची वाटते. आधी फक्त हॅश शोधायचा, फाइल चढवायची नाही. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि सशुल्क सदस्यांना पाहता येते. ईएक्सईच्या पोटात डेटाबेसचा पासवर्ड कोरलेला असेल तर तोही जगजाहीर झाला. हॅश सापडला नाही, आणि ते साहजिकच होतं, कारण बाजारातल्या मोजक्या पेढ्यांमध्ये चालणारी फाइल तिथे कोण नेणार? पासवर्ड वेगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे याची खात्री करून डेव्हलपरने स्वतः फाइल चढवली. मोजक्याच इंजिनांनी बोट दाखवलं, तेही जेनेरिक, ह्युरिस्टिक (अंदाजावरून), एमएल (मशीन लर्निंगवरून) अशा नावांनी. कुठल्याही ठरावीक कुळातल्या मालवेअरचं नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी वेगवेगळी सर्वसाधारण नावं घेणं हे खोट्या आळाचं लक्षण आहे. अनेक नामांकित इंजिनांनी एकाच कुळाचं नाव घेतलं असतं, तर मी तिथेच थांबून सर्व्हर नेटवर्कपासून तोडला असता. आणि मग सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवायचाही प्रश्न आला असता. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायची अट आहे.

शेवटची तपासणी वागणुकीची. अडगळीतला एक लॅपटॉप नेटवर्कपासून तोडून त्यावर ईएक्सई चालवली आणि सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातल्या प्रोसेस मॉनिटरने ती काय काय लिहिते ते पाहिलं. टीसीपीव्ह्यूमध्ये ती कुठे जोडायला धडपडते ते पाहिलं. डेटाबेसचा पत्ता सोडून एकही पत्ता नाही. ऑटोरन्समध्ये, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत, नवी नोंद नाही. पण प्रोसेस मॉनिटरमध्ये एक गोष्ट ठळक दिसली, आणि अँटिव्हायरसला ती का खटकली असावी तेही कळलं.

अँटिव्हायरसला काय दिसत होतं

पायथनच्या कोडपासून ईएक्सई बनवणाऱ्या पायइन्स्टॉलर या साधनाला एकच ईएक्सई बनवायला सांगितलं, तर त्या एका फाइलीत पायथनचा दुभाष्या, सगळ्या डीएलएल आणि डेव्हलपरचा कोड कोंबून भरलेला असतो. सुरू होताना ती टेम्प फोल्डरमध्ये एमईआय आणि पुढे आकडे अशा नावाचा नवा फोल्डर करते, आतलं सगळं तिथे उलगडते आणि तिथून चालवते. सर्व्हिस लोकल सिस्टम खात्याखाली चालत असेल तर हे विंडोजच्या स्वतःच्या टेम्प फोल्डरमध्ये घडतं. आता अँटिव्हायरसच्या जागी बसून बघा. सही नसलेली, जगात फारशी कुठेच न दिसलेली एक फाइल सर्वोच्च अधिकारांनी सुरू होते, टेम्पमध्ये डीएलएल सोडते, त्या लोड करते आणि पोर्ट उघडून बसते. ड्रॉपर जातीचा, म्हणजे आपल्या पोटातल्या घातक फाइली बाहेर सोडणारा, मालवेअर अगदी हेच करतो. शिवाय पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर, म्हणजे ईएक्सईला सुरू करून देणारा पहिला तुकडा, सगळ्यांना सारखाच मिळतो आणि मालवेअर लिहिणारेही तोच वापरतात. त्या बूटलोडरवर बेतलेली खूण व्याख्यांमध्ये शिरली, की सज्जनांच्या फाइलीही तिच्यात सापडतात. यूपीएक्सने फाइल दाबून लहान केली तर संशय आणखी वाढतो.

म्हणून मी अँटिव्हायरसला मूर्ख म्हणत नाही. त्याच्यापुढे असलेल्या पुराव्यावर त्याने केलेला संशय रास्त होता. तो दूर करायची जबाबदारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची आहे, आणि या डेव्हलपरने ती मनापासून घेतली.

परत उभं करणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी अपवाद, मग क्वारंटाइनमधून फाइल परत. उलट केलं तर परत आलेली फाइल क्षणात पुन्हा आत जाते आणि माणूस तासभर तेच करत बसतो. अपवाद टाकला तो फक्त त्या एका फाइलच्या पूर्ण मार्गाचा, सगळ्या फोल्डरचा नाही. ईएक्सई या प्रकाराचा अपवाद टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा अँटिव्हायरस न ठेवलेला बरा, निदान खोटी निश्चिंती तरी राहत नाही.

फाइल परत आली, सर्व्हिस सुरू केली, आणि थोड्या वेळाने एरर १०५३, सर्व्हिसने वेळेत प्रतिसाद दिला नाही. डेव्हलपरच्या लॉगमध्ये काहीच नाही, कारण त्याचा कोड सुरूच झाला नव्हता. अशा वेळी तीच ईएक्सई कमांड प्रॉम्प्टमधून हाताने चालवावी. तशी चालवल्यावर पडद्यावर स्पष्ट आलं की पायथनची डीएलएल लोड करता आली नाही. अँटिव्हायरसच्या इतिहासात नवी नोंद होती, विंडोजच्या टेम्पमधल्या एमईआय फोल्डरवर. मूळ फाइलीला अपवाद होता, तिने टेम्पमध्ये उलगडलेल्या पिल्लांना नव्हता.

सगळ्या टेम्प फोल्डरलाच अपवाद देणं एका मिनिटाचं काम होतं आणि मी ते केलं नाही. कुठलाही मालवेअर पहिल्यांदा येऊन पडतो तो टेम्प किंवा डाउनलोडमध्ये. या पेढीत काउंटरवर व्हॉट्सॲप वेब चालतं, खरेदीदारांचे पेन ड्राइव्ह लागतात, बिलाच्या नावाने काय काय फाइली येतात. तिथे टेम्प मोकळं सोडणं म्हणजे अँटिव्हायरसचे पैसे पाण्यात.

खरा उपाय डेव्हलपरच्या हातात होता. पायइन्स्टॉलरमध्ये एका फाइलऐवजी फोल्डर बनवायचा पर्याय आहे. त्यात सगळ्या डीएलएल आधीच उलगडलेल्या असतात आणि टेम्पमध्ये काहीच होत नाही. त्याने यूपीएक्स बंद करून, बूटलोडर मूळ कोडपासून स्वतःच्या संगणकावर बांधून, दुपारपर्यंत नवी बांधणी, म्हणजे सॉफ्टवेअरची नव्याने तयार केलेली प्रत, दिली. फाइल ड्राइव्हच्या लिंकवरून आली, हॅश फोनवर. दोन वेगळ्या वाटांनी, म्हणजे एक वाट कुणी बिघडवली तरी दुसरीवर ते उघडं पडतं.

नवी बांधणी कुठे ठेवायची यावर आमचं थोडं बोलणं झालं. आधी ती सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डरमध्ये होती. तिथे केलेल्या फोल्डरवर विंडोजच्या मूळ मांडणीनुसार लॉगिन केलेल्या कुठल्याही वापरकर्त्याला लिहायची मुभा असते. अपवाद दिलेली फाइल आणि तिच्यावर कुणालाही लिहिता येणार, म्हणजे लपायला हक्काची जागा. म्हणून सगळं प्रोग्राम फाइल्समध्ये हलवलं, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, आणि आयकॅकल्स या आज्ञेने परवानग्या पुन्हा पडताळल्या. लॉग आणि पट्टीचे नमुने प्रोग्रामडेटामध्ये वेगळे काढले, त्यांना अपवाद दिला नाही.

डिफेंडर वापरणाऱ्यांसाठी इथे एक बारकावा. त्यात प्रोसेसचा अपवाद म्हणजे त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइली रिअल-टाइम तपासणीतून सुटतात. ती ईएक्सई स्वतः सुटत नाही. तिच्यासाठी फाइलचा किंवा फोल्डरचा अपवाद वेगळा द्यावा लागतो. "अपवाद टाकला तरी उडवतोय" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

डेटाबेसच्या डेटा फोल्डरला आणि त्याच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरला मात्र मी विचार करून अपवाद दिला. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीतच तशी शिफारस आहे, आणि मारियाडीबी त्याच घराण्यातला. सतत बदलणाऱ्या फाइली अँटिव्हायरस मधेच धरून ठेवतो, वेग मंदावतो, आणि कधी आतल्या मजकुरावरूनच भलता संशय घेतो. एखादी ईएक्सई क्वारंटाइनमध्ये गेली तर ती परत आणता येते. पण डेटाबेसची फाइल मधेच उचलली गेली तर सगळ्या शेतकऱ्यांचा हिशोब अडकतो. डेटाबेसच्या रोजच्या बॅकअपच्या फोल्डरला अपवाद नाही, तो दररोज तपासला जातो.

सर्व्हिस सुरू झाली. सर्व्हरवरच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं. काउंटरवर मात्र तेच, सर्व्हर सापडत नाही. ताईंचा चेहरा पडला. कारण साधं होतं. विंडोज फायरवॉलचा जुना नियम ईएक्सईच्या मार्गाला बांधलेला होता, आणि मार्ग बदलला होता. नवा नियम ८०८० पोर्टवर केला, फक्त प्रायव्हेट प्रोफाइलसाठी आणि फक्त पेढीच्या आतल्या पत्त्यांसाठी. काउंटरवर पान उघडलं. ताईंनी कच्च्या बुकातल्या पट्ट्या चढवायला घेतल्या, दिवाणजी शेजारी बसून आकडे वाचत होते.

भोक नेमकं कुठे आहे ते पाहणं

सगळं चालू झाल्यावर पुष्कळजण बॅग उचलतात. मी एक चाचणी करतोच. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. अँटिव्हायरस कंपन्यांनी ती मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखायचं आपसात ठरवलेलं आहे. ती डाउनलोडमध्ये ठेवली, लगेच पकडली गेली. टेम्पमध्ये ठेवली, पकडली गेली. डेटाबेसच्या अपवाद दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवली, तिथे तशीच पडून राहिली. मग हाताने पुसली. अँटिव्हायरस जागा आहे आणि आपण पाडलेलं भोक तेवढ्याच जागी आहे, हे शेठना डोळ्यांनी पाहता आलं. नंतर त्यांनी तो काढून टाकायचा विषय काढला नाही.

कंपनीकडे दाद

अपवाद हा तात्पुरता इलाज. खोटा आळ मागे घ्यायला लावणं हे खरं काम आहे आणि ते टाळलं जातं, कारण त्या दिवसाचा धंदा तर सुरू झालेला असतो. अँटिव्हायरस कंपन्यांकडे चुकीच्या ओळखीची तक्रार करायचा अर्ज असतो. आम्ही जुनी ईएक्सई पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये पाठवली. पासवर्ड इंग्रजी "इन्फेक्टेड" हा शब्द, तो या क्षेत्रातला रिवाजच आहे. सोबत धोक्याचं नेमकं नाव, व्याख्यांचा आवृत्ती क्रमांक, एसएचए-२५६, आणि सॉफ्टवेअर काय करतं ते चार ओळींत. नुसतं "आमची फाइल चांगली आहे" असं लिहिलेली तक्रार ढिगात पडून राहते. डेव्हलपरने हीच फाइल मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरही सॉफ्टवेअर निर्माता म्हणून पाठवून ठेवली, कारण त्याच्या इतर ग्राहकांकडे डिफेंडर आहे.

कंपनीचं उत्तर आठवडाभराच्या आत आलं, ओळख चुकीची होती आणि व्याख्यांमधून काढली आहे असं. मी व्याख्या अद्ययावत करून, नव्या बांधणीचा अपवाद काढून, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. चालली. ईएक्सईचा अपवाद त्या दिवसापासून नाही. डेटाबेसचे दोन आहेत, ते का आहेत आणि कुणी दिले हे सर्व्हरच्या पीसीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहे.

पुढची पायरी कोड साइनिंगची, म्हणजे ईएक्सईवर डेव्हलपरची डिजिटल सही घालण्याची. १ जून २०२३ पासून अशा प्रमाणपत्राची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित साधनातच ठेवावी लागते, त्यामुळे खर्च आणि कटकट वाढली आहे. एकट्या डेव्हलपरला ते जड जातं. तरी मी त्याला ते घ्यायलाच सांगितलं आहे. सहीने निर्दोषत्व सिद्ध होत नाही, थ्रीसीएक्सने ते दाखवलंच आहे. पण सही असली की प्रत्येक नव्या बांधणीला शून्यापासून ओळख मिळवावी लागत नाही, आणि फाइल कुणी बदलली तर सही मोडते, हे पेढीवरच्या माणसालाही गुणधर्मांच्या खिडकीत पाहता येतं.

पेढीवर आता टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) एक छोटी स्क्रिप्ट आहे. व्याख्या पहाटे येतात, म्हणून ती त्यानंतर ८०८० पोर्ट तपासते, ईएक्सईचा हॅश नोंदवलेल्या हॅशशी ताडून पाहते, आणि काही वेगळं आढळलं तर मला आणि दिवाणजींना मेल पाठवते. बाजार भरायच्या आत.

याच सॉफ्टवेअरचे मार्केटमधले इतर गाळेही मी तपासायला घेतले. गेट-एमपीप्रेफरन्स ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की डिफेंडरचे अपवाद दिसतात. साध्या वापरकर्त्याला ते दाखवले जात नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत. एका गाळ्यात सगळा सी ड्राइव्ह अपवादात होता, आधीच्या कुणीतरी कधीतरी टाकलेला. तो काढून पूर्ण तपासणी केली, पट्टीचं सॉफ्टवेअर नव्या बांधणीवर आणलं. काही गाळ्यांचं काम अजून बाकी आहे, ते सुट्टीच्या दिवशीच करता येतं.